नेमणूकपत्रातील सातवे कलम

तरुणांच्या नोकऱ्यांविषयी सल्ला देताना वयस्क माणसाने आपल्या काळचे मापदंड बाजूस ठेवावेत, हे मला पुरेपूर मान्य असले तरी, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन काही वर्षे अकोल्यास एका औषध कंपनीत एमआर म्हणून राबलेल्या माझ्या भाच्याने, हाडांच्या शस्त्रक्रियेत लागणाऱ्या प्लेटा, स्क्रू आणि सळ्या विकणाऱ्या एका कंपनीचे ऑफर लेटर माझ्यापुढे ठेवले, तेव्हा ते अथपासून इतिपर्यंत वाचल्यावाचून मला राहवले नाही. हेडक्वार्टर अमरावती; फिरस्तीचा मुलूख अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ; पगार सध्याच्या दीडपट, टीए-डीए निराळा आणि टार्गेट पुरे केल्यास इन्सेंटिव्ह. घरच्यांची नजर पगाराच्या आकड्यावर खिळली होती. माझी सातव्या कलमावर अडली. मालाची उधारी नव्वद दिवसांत वसूल न झाल्यास ती रक्कम प्रतिनिधीच्या इन्सेंटिव्हमधून आणि तो अपुरा पडल्यास पगारातून वळती करण्यात येईल, असा त्यातील मजकूर होता.

काम मात्र मोह पडावा असेच आहे. औषधांचा प्रतिनिधी केबिनबाहेर रुग्णांच्या रांगेत ताटकळतो आणि दोन मिनिटांत आपले पाठांतर म्हणून बाहेर पडतो. इम्प्लांटवाल्यास डॉक्टर स्वतः फोन करतात, तोही बहुधा रात्री. अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम नोंदवला गेला, हे वऱ्हाडात सर्वश्रुत आहे. रस्ता गुळगुळीत झाला म्हणून त्यावरचे अपघात थांबले नाहीत, आणि मूर्तिजापूरजवळ मांडीचे हाड मोडलेला मोटारसायकलस्वार मध्यरात्री दवाखान्यात आला की सेटची पेटी घेऊन या मुलाने तिथे हजर व्हायचे. पेटी ऑटोक्लेव्हमध्ये जाते. सी-आर्म हे क्ष-किरण यंत्र सुरू होते. जड शिशाचा एप्रन चढवून हा एका कोपऱ्यात उभा राहतो. साडेचार मिलिमीटर जाडीचे आणि लांबीने दोन-दोन मिलिमीटर वाढत जाणारे स्क्रू ट्रेमध्ये ओळीने बसवलेले असतात, आणि डॉक्टरांनी मापपट्टी भोकात घालून आकडा उच्चारला की तो कोणत्या खणात आहे हे कशालाही हात न लावता सिस्टरला सांगणे, हे त्याचे काम. सकाळी उरलेला माल मोजायचा, वापरलेल्याचे बिल करायचे आणि त्या मालाच्या बॅच नंबरची चिकटपट्टी रुग्णाच्या केसपेपरवर लावली गेली की नाही हे डोळ्यांनी पाहायचे.

ही चिकटपट्टी किरकोळ बाब नव्हे. एका बहुराष्ट्रीय कंपनीने आपले सदोष कृत्रिम खुबे २०१० साली जगभरातून परत बोलावले, तेव्हा भारतात ते बसवलेल्या बहुसंख्य रुग्णांचा मागच लागला नाही. नुकसानभरपाई ठरली ती २०१८ साली. त्या माणसांच्या शरीरात नेमके काय आहे हे सांगणारा कागद जपण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्यांत विक्रेताही आलाच. म्हणून भाच्याने हे काम शिकावे, असेच मला मनापासून वाटत होते.

या धंद्यातील पैशाची रीतही अलीकडे पालटली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर मर्यादा आली आणि सरासरी दीड लाखावर छापील किंमत असलेला नेहमीच्या वापरातील प्रकार ५४,७२० रुपयांवर उतरला. मधल्या हातांना किती मोठा वाटा मिळत होता, हे त्या वेळी जगजाहीर झाले. प्लेटा-स्क्रूंवर तशी मर्यादा नाही, आणि म्हणूनच या मालात डॉक्टरांना द्यावयाच्या ‘कट’ नावाची गोष्ट अद्याप जिवंत आहे. उपकरणविक्रीतील भेटी आणि प्रलोभने यांना मनाई करणारी संहिता केंद्राने २०२४ मध्ये काढली खरी. पण मुलाखतीत साहेबांनी ‘मार्केट सांभाळून घ्यावं लागेल’ एवढेच मोघम सांगितले, आणि सांभाळणे म्हणजे काय, याची फोड पत्रात कुठेही नव्हती.

मला खरी धास्ती होती ती वसुलीची. आमच्याकडील बरेचसे दवाखाने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्ण घेतात. त्या योजनेत शस्त्रक्रियेचा ठराविक मोबदला मिळतो, इम्प्लांटची किंमत त्यातच धरलेली असते, आणि तो यायला विलंब झाला की डॉक्टर विक्रेत्यास थांबवतात, विक्रेता कंपनीस. कापसाच्या अडत्याकडे निदान गाठी तरी तारण राहत; इथे माल रुग्णाच्या मांडीत गेलेला असतो, तो उकरून परत आणता येत नाही. भाच्याने ते आपल्या बोलीत नेमके सांगितले: “मामा, डॉक्टर पैसे द्यायले सहा महिने लावतीन, अन् कंपनी मलेच धरीन. मंग पगार वाढला कायचा?”

मी त्याला पूर्वी त्या जागेवर असलेल्या गृहस्थास गाठावयास सांगितले. जागा रिकामी का झाली याची चौकशी न करता नोकरी धरणे हा आपल्याकडील सुशिक्षितांचा एक अनाकलनीय संकोच आहे. मुलीच्या सोयरिकीत आपण सात गावे विचारतो आणि इथे मात्र गप्प राहतो. ते गृहस्थ अकोल्यातच एका स्टॉकिस्टकडे भेटले. सर्जन मंडळींविषयी त्यांची तक्रार नव्हती, कामाविषयी तर मुळीच नव्हती. राजीनाम्यानंतर अखेरच्या हिशेबातून थकलेल्या उधारीपोटी कंपनीने मोठी रक्कम कापून घेतली, एवढेच त्यांनी सांगितले.

विक्री करणाऱ्या कर्मचाऱ्यास लेखी नेमणूकपत्र द्यावे, असे १९७६ च्या कायद्याने ठरवले, ते एमआर लोकांच्या संघटनांनी दीर्घकाळ झगडल्यानंतर. म्हणून भाच्याने दोनच गोष्टी लेखी मागितल्या: सातवे कलम वगळावे, आणि डॉक्टरांना द्यावयाच्या कोणत्याही रकमेशी प्रतिनिधीचा संबंध राहणार नाही, असे एक वाक्य घालावे. उत्तर फोनवर आले. ते कलम नुसते कागदापुरते आहे, प्रत्यक्षात कोणाचे काही कापत नाही, असे आश्वासन मोठ्या आपुलकीने देण्यात आले. हेच लिहून द्या म्हटल्यावर मात्र तसा आमचा रिवाज नाही, असे उत्तर मिळाले.

मुदत संपण्यापूर्वी भाच्याने नकार कळवला. हेच काम लेखी अटींवर देणारी कंपनी भेटली तर, पगार आताच्याइतकाच मिळाला तरी, तो जाणार आहे आणि मी त्याला अडवणार नाही.