समुद्राला जायची गाडी

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्याने लातूरला ट्यूशनच्या फेऱ्यांत काढली, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, मग इंजिनिअर झाला. गेले दोन हिवाळे तो गोव्याला जाऊन सर्फिंग शिकतोय. सर्फिंग म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येणं. परवा त्याचा फोन आला, "मामू, जुनी व्हॅन घ्यायचा विचार आहे. आत गादी, वर कॅरिअरला फळी. कोणती घेऊ?"

नांदेडला घरात ही बातमी फुटली आणि दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्याची आई, म्हणजे माझी आपा, एवढंच म्हणाली, "इत्ते पैसों में तो ऊपर का स्लॅब पड जाता." धाकटा भाऊ म्हणाला, हा सरळ इसराफ आहे, उधळपट्टी. मी भाच्याच्या बाजूने आहे. पण माझ्या काही अटी आहेत.

आधी आपल्या गाड्यांचा हिशेब मांडू. आपल्या मुहल्ल्यातून भाड्याची क्रूझर निघते ती कशासाठी? लग्नासाठी, गुलबर्ग्याच्या किंवा कंधारच्या उरुसासाठी, पेशंटला हैदराबाद नाहीतर सोलापूरला न्यायला आणि कुणाच्या मयतीसाठी. ओम्नी म्हटलं की मला शाळेची पोरं आठवतात आणि अँब्युलन्स आठवते. आनंदासाठी गाडी काढली असं आमच्या घरात सहसा झालं नाही. जियारतला जाताना वाटेत एखादं धरण पाहिलं की तीच सहल. निव्वळ फिरायला जायचं तर त्याला काहीतरी कारण जोडावं लागतं. धाकट्याला मी म्हणालो, अल्लाहच्या जमिनीवर फिरून पाहा, हे आवाहन कुरआनात एकदा नाही, अनेकदा आलंय. इस्लामने मुसाफिराची एवढी काळजी घेतली की चार रकातींची फर्ज नमाज दोनवर आणली. फिरणं हाच गुन्हा असता तर ही सवलत कशाला दिली असती? इसराफ हा खर्चाच्या प्रमाणाचा प्रश्न आहे. लग्नात एका दिवसाच्या मंडपावर आपण किती उडवतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

समुद्राशी आपलं नातं तसंही लांबचंच. नांदेड काय, लातूर काय, 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याला किनाराच नव्हता. शेवटच्या निजामाने पोर्तुगीजांकडून मुरगाव बंदर मिळवायची खटपट केली, ती काही जमली नाही. पाण्याचं म्हणाल तर 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. नळाला पाणी नाही म्हणून रात्र-रात्र जागलेल्या माणसांची पोरं आज त्याच मिरजेवरून पुढे समुद्राकडे जातात, यात मला तरी उधळपट्टी दिसत नाही.

नांदेडहून लातूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी हा रस्ता साधारण साडेसहाशे किलोमीटरचा आहे. गाडी निवडायची ती या रस्त्यासाठी. इंटरनेटवर परदेशी पोरांच्या लाकडी फर्निचरवाल्या व्हॅन दिसतात, त्या पाहून निवडू नये.

ओम्नी स्वस्त मिळते, कुठल्याही गावात दुरुस्त होते. पण तिचं इंजिन आठशे सीसीचं आणि उत्पादन 2019 मध्येच बंद झालं. सहा माणसं आणि सामान घेऊन ती घाट चढताना रडते. ईको बाराशे सीसीची आहे आणि लांबी बारा फूट. शिकाऊ माणसाची फळी आठ-नऊ फुटांची असते, ती कॅरिअरवर नीट बसते. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. दोष हा की इंजिन पुढच्या सीटखाली, लांबच्या प्रवासात ड्रायव्हरच्या बुडाला चटका बसतो. सीएनजीची घेतली तर टाकी मागची जागा खाते, म्हणजे गादीची जागा गेली. ट्रॅव्हलर ऐसपैस असते, पण पुण्याच्या सोसायटीत ती उभी करायची कुठे? शिवाय बारा महिन्यांतले अकरा महिने तिला एकटा माणूस चालवणार. माझं मत ईकोला, पेट्रोलवाली, तिसऱ्या मालकापेक्षा पहिल्या मालकाची. घेण्याआधी टेप लावून आतली लांबी मोजायची आणि स्वतः आडवं पडून पाहायचं. शोरूमचा कागद तुमचे पाय मोजत नाही.

दुसरं म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं. सीट काढून पलंग ठोकला, छत कापलं की आरसी बुकाशी गाडी जुळत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण पुढे करते. म्हणून सीट तशाच ठेवाव्यात, वर उचलून ठेवता येईल अशी घडीची फळी आणि गादी करून घ्यावी. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते तयार, नोंदणीकृत गाड्यांसाठी. आणि पांढऱ्या पाटीची गाडी मित्रांना भाड्याने द्यायची नाही, हे भाच्याला मी दोनदा सांगितलं.

तिसरं, गॅस. गाडीत सिलिंडर ठेवून झोपायचं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. गोव्यात तर पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यावर 2019 पासून दंड आहे. घरून रोट्या, सुकं मटण आणि अंबाडीची चटणी बांधून न्यावी, दोन दिवस निघतात.

आता खरा मुद्दा. फोनवर बोलता बोलता भाचा म्हणाला, "मामू, अपनी गाडी रही तो लॉजवाल्याला नाव सांगायची गरजच नाही." त्याला काय आठवत होतं ते मला कळलं. तो दहावीत असताना मी, बायको, दोन मुलं आणि तो असे कोकणात गेलो होतो. फोनवर खोली ठरली होती. काउंटरवर आधार कार्ड दिलं, मालकाने नाव वाचलं, मग रजिस्टर चाळलं आणि म्हणाला, "सगळ्या खोल्या भरल्या." मागे भिंतीवर किल्ल्या लटकत होत्या. त्या रात्री आम्ही भाड्याच्या क्रूझरमध्ये झोपलो. सकाळी एका घराच्या ओट्यावर वुजूसाठी पाणी मागितलं. तिथल्या म्हातारीने नाव न विचारता पाणी दिलं, वर चहाही केला. तिचं नाव मलाही विचारायचं सुचलं नाही.

भाच्याला मी म्हणालो, यासाठी गाडी घेणार असशील तर घेऊ नको. नाव लपवायला घेतलेली गाडी म्हणजे चाकांवरचा मुहल्ला. शहरात घर मिळत नाही म्हणून आपण एका कोपऱ्यात गोळा झालो, आता प्रवासातही कोपरा करायचा? वाटेत कंटाळा आला की लॉजवर जा, नाव पूर्ण सांग, नकार आला तर कारण विचार. चार ठिकाणी किल्ली मिळते, हेही मी पाहिलंय. गाडीत झोपायचं ते पहाटे लाट गाठायची म्हणून. दार मिळणार नाही या भीतीने झोपायचं नाही.

आणि शेवटची अट आपाची. तिने आयुष्यात समुद्र पाहिला तो उमऱ्याला जाताना विमानाच्या खिडकीतून. आमच्या त्या कोकणच्या सहलीलाही ती आली नव्हती, तिचे सासरे आजारी होते. आता तिचे गुडघे दुखतात. क्रूझरची उंच पायरी तिला चढवत नाही, सरकत्या दाराच्या बुटक्या गाडीत मात्र ती बसू शकते. ईकोला मी मत दिलं त्याचं निम्मं कारण हे आहे. व्हॅन घेणारी पोरं आपापसात चर्चा करतात ती मायलेजची, टायरची. आई कशी चढेल, रात्री बाईमाणसाला संडासला कुठे थांबायचं, नमाजला आडोसा कसा करायचा, हे कुणी विचारत नाही. पडद्याची दोरी आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन हे फळीच्या आधी घ्यायचे. किनाऱ्यावर पोचल्यावर पाणी संपलं तरी हरकत नाही, समुद्राच्या पाण्याने वुजू होतो.

मुलींनी पाण्यात उतरायचं का, असंही घरात कुणीतरी विचारलंच. इराणच्या बलुचिस्तानात चाबहारजवळ रामीन नावाचं गाव आहे. 2010 मध्ये ईस्की ब्रिटन ही आयरिश बाई डोकं झाकून तिथे लाटांवर उभी राहिली, पुढे तिथल्या मुली शिकल्या. बांगलादेशात कॉक्स बाजारला गरीब घरच्या पोरी सर्फिंग करतात. पोरांना पोहायला शिकवा, असं हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं, आणि आपण ते दर रमजानला ऐकतो. पण आपल्याकडे पोहणं म्हणजे विहिरीत पाठीला डबा बांधून मारलेल्या उड्या, त्याही मुलांच्याच. समुद्र विहीर नव्हे. आत ओढणारा प्रवाह लागला तर सरळ किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघायचं. जून-जुलैत कोळीसुद्धा होड्या ओढून ठेवतात, तेव्हा आपण तिकडे फिरकायचं नाही.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मामू, पहिली फेरी अम्मीची." आपा अजून स्लॅबचंच बोलते. पण काल तिने मला हळूच विचारलं, तिथल्या वाळूत चप्पल घालून चालता येतं का.