ओळख नसलेल्यांचा जाहीरनामा

आम्ही गडहिंग्लज, उदगीर, चाळीसगाव, वाशीम, सावंतवाडी इथल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन निघालेली मुले-मुली आहोत. आमच्यातल्या अनेकांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली. ती घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे, हे मात्र घरात कोणाला ठाऊक नव्हते आणि महाविद्यालयात कोणी शिकवले नाही.

काय बिघडले आहे ते आधी सांगतो. शहरातल्या नोकरदार घरात नोकरीची अर्धी तयारी जेवताना होऊन जाते. मामा बँकेत असतो, मावशी कंपनीच्या एच.आर. विभागात असते. भरती कुठे निघणार, बायोडाटा किती पानांचा असावा, अपेक्षित पगार विचारला तर काय सांगावे, हे त्या घरातले मूल नकळत शिकते. वशिला म्हटले की लोक नाके मुरडतात. पैसे चारून लावलेला वशिला हा गुन्हाच आहे. पण वेळेवर कळलेली बातमी आणि कोणीतरी टाकलेला शब्द, यांत लाजण्यासारखे काय आहे? अन्याय एवढाच, की ही ओळख मोजक्या आडनावांत आणि मोजक्या पेठांत साठून राहिली आहे.

हे कायद्यालाही कळले होते. रिकाम्या जागा सक्तीने कळवण्याचा कायदा 1959 साली झाला आणि 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी, अमलात आला. पंचवीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनेही जागा निघाली की सेवायोजन कार्यालयाला कळवायची, असे तो सांगत होता. माणूस तिथूनच घ्या, असे मात्र त्याने सांगितले नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने सेवायोजनाचे कार्ड काढले, त्याचे नूतनीकरण करत राहिली आणि कॉलची वाट पाहिली. जागा तोंडी भरल्या गेल्या.

मग उरली सरकारी भरती. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची, कॉट बेसिसची खोली आणि मेसचा डबा यांवर तरुणपण काढणाऱ्यांच्या कष्टांना आम्ही नावे ठेवत नाही. ती आमचीच माणसे आहेत. पण परीक्षेची तारीख पुढे जाते, निकाल न्यायालयात अडकतो, आणि वय कोणासाठी थांबत नाही. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची कमाल वयोमर्यादा 38 वर्षे आहे. त्या वयाला पोचलेल्याच्या बायोडाट्यात अनुभवाचा रकाना कोरा असतो. क्लासवाले निवड झालेल्यांचे फोटो चौकात लावतात. गावी परतलेल्यांची मोजदाद कोण करतो?

आम्ही मानतो, की कामाची माहिती ही सर्वांच्या मालकीची आहे. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली, भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. तेव्हा खेड्यातल्या मुलाला शाळेच्या दारापर्यंत न्यायचे होते. आज त्याच्या पणतीला कामाच्या दारापर्यंत न्यायचे आहे, आणि ते काम आमच्या पिढीच्या वाट्याला आले आहे.

आम्ही मानतो, की अडखळणारे इंग्रजी म्हणजे अडखळणारी बुद्धी नव्हे. चाकणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात मशीन बंद पडले की सगळे मराठी-हिंदीतच बोलतात. इंग्रजीचा आग्रह मुलाखतीपुरता. आम्ही मानतो, की मुलीच्या पहिल्या नोकरीआड बरेचदा कंपनी येतच नाही, राहायची खोली येते. आणि आम्ही मानतो, की पहिली नोकरी पुढे बदलण्यासाठीच असते. तिच्यावरून आयुष्याचे भाकीत करू नये. (हे सोयरिकीला येणाऱ्या पाहुण्यांनीही ऐकावे.)

म्हणून आमच्यातला नोकरीला लागलेला प्रत्येक जण आपल्या जुन्या महाविद्यालयातल्या, शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा मामा होईल, मावशी होईल. त्याचा बायोडाटा वाचेल, न येणारी कौशल्ये त्यातून खोडेल, खरी लिहायला लावेल. सरावाची मुलाखत आधी मराठीत घेईल, मग इंग्रजीत. जागा निघाली की नाव पुढे करेल, आणि जिथे तो बसत नाही तिथे तसे तोंडावर सांगेल. मुलगी शहरात येत असेल तर आधी खोली पाहून ठेवेल.

आम्ही पगार लपवणार नाही. हातात किती पडतात, पी.एफ. किती कापतात, रात्रपाळी आहे का, बाँड किती वर्षांचा, सगळे उघड सांगू. वार्षिक पॅकेजचा आकडा लग्नाच्या बोलणीत शोभतो. घरभाडे महिन्याच्या पगारातून जाते.

नोकरीसाठी आम्ही कोणालाही पैसे देणार नाही, मग ते नोंदणीचे म्हणोत, ट्रेनिंगचे म्हणोत की साहेबांच्या चहाचे. मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवणार नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आम्ही परत फिरा म्हणणार नाही. शेवटचा प्रयत्न कोणता, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि घरी सांगून टाका, एवढेच म्हणू. राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि कायदा तीन वर्षे वाचलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. पतसंस्था, विमा कंपनी, वृत्तपत्र, सामाजिक संस्था यांना तो उपयोगी आहे. ते बायोडाट्यात कसे मांडायचे, ते आम्ही त्याच्याबरोबर बसून लिहू.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे त्याच्या नियमांनी बंधनकारक आहे. आमच्या तालुक्याच्या एम.आय.डी.सी.त ते कोण पाळते, हे आम्ही गेटोगेट जाऊन विचारणार आहोत आणि मिळालेले उत्तर महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावणार आहोत.

महाविद्यालयांनी सर्वांत मोठ्या पॅकेजचा फ्लेक्स उतरवावा आणि किती मुले बसली, किती लागली, मधला पगार किती, हे छापावे. कंपन्यांनी नवखा माणूस मागताना दोन वर्षांचा अनुभव मागू नये, आणि नकार असेल तर तो कळवावा. सरकारने अर्जाचे शुल्क घेतले, तर परीक्षेची आणि निकालाची तारीखही त्याच दिवशी द्यावी.

तुम्ही नोकरीत असाल, तर या रविवारी आपल्या जुन्या महाविद्यालयातल्या सरांना किंवा मॅडमना फोन करा आणि एका विद्यार्थ्याचे नाव मागून घ्या. तुम्ही शोधात असाल, तर बायोडाटा जसा असेल तसा घेऊन या. खाडाखोड आपण मिळून करू.