एचएमटी आणि माझ्या वहीतला 'स्थानिक-७'

परवा पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. जेवताना तो म्हणाला, "मामा, हा एचएमटी बरं का. आमच्याकडे दुसरा तांदूळ येतच नाही." मग घास घेता घेता थांबला. "पण हे एचएमटी म्हणजे घड्याळवालं एचएमटी का हो?"

म्हटलं, हो रे बाबा, तेच!

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. सारी नोकरी धानावर काढलेला माणूस ताटावर बसलेला, आणि त्याच्या सख्ख्या भाच्याला त्याच ताटातला भात कुणी शोधला हे माहीत नाही. दोष भाच्याचा नाही. सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आता निवृत्तीनंतर सांगतोय, थोडं रागावून सांगतोय. सांभाळून घ्या.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. (मराठवाड्यातलं नांदेड वेगळं.) तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेत दीड-दोन एकर. १९८३ साली 'पटेल-३' या धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर, दाण्याची ठेवण निराळी. त्यांनी त्या बाजूला काढल्या. पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, जनावरांनी खाऊ नये म्हणून भोवती काटे लावले, आणि मग दरवर्षी पाहणं, निवडणं, पेरणं. पाच-सहा वर्षांत बारीक दाण्याचा, चांगलं उत्पन्न देणारा धान हाती आला. तळोधीच्या बाजारात तो विकायला आला तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, एका व्यापाऱ्याने तेच नाव ठेवून दिलं. हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही गेला आणि आज पुण्यात माझ्या भाच्याच्या ताटात आहे.

इथवरची गोष्ट गोड आहे. पुढची नाही.

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून प्रयोगासाठी पाच किलो बियाणं नेलं. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा वाण बाजारात आला, 'पीकेव्ही एचएमटी'. विद्यापीठाचं म्हणणं असं की, शेतकऱ्याचं बियाणं भेसळीचं होतं, आम्ही ते शुद्ध केलं. दादाजींना त्यातून काही मिळालं नाही. पुढे २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते पुरस्कार झाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने यादीत नाव घातलं. राज्य सरकारने दिलेलं सुवर्णपदक अडचणीत विकायला नेलं, तर सोनं खोटं निघाल्याच्या बातम्या आल्या. एचएमटीनंतर त्यांनी 'नांदेड-९२', 'विजय नांदेड', 'दीपक रत्न', 'डीआरके' असे आणखी वाण काढले. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत, बंग दांपत्याच्या 'सर्च'च्या दवाखान्यात ते गेले. मृत्यूनंतर रीतसर हळहळ झाली. आपल्याकडे ती चांगली होते.

आता 'शुद्ध केलं' या शब्दाकडे येतो. हे काम मी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. शेकडो लोंब्या वेगळ्या पेरायच्या, उंची, फुलोऱ्याचा दिवस, दाण्याची लांबी मोजायची, वेगळं दिसेल ते उपटून टाकायचं, असं तीन-चार हंगाम. कष्टाचं आणि गरजेचं काम आहे. पण ते माठ घासण्याचं काम आहे. माठ घडवणारा कुंभार वेगळा. घासणाऱ्याने तळाला स्वतःचं नाव कोरायचं आणि वर कुंभाराला म्हणायचं, तुझा माठ मळका होता? ह्याला काय म्हणावं?

कुणी म्हणेल, दादाजींचं प्रकरण अपवाद आहे. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. अपवाद एवढाच की, त्यांचं नाव आपल्याला कळलं.

माझा विषय पिकावरचा ताण. म्हणजे पाणी कमी पडलं, जास्त झालं, ऊन तापलं, जमीन खारवली, तर रोप काय करतं? शास्त्रात ह्याला अजैविक ताण म्हणतात. त्यासाठी २००९ मध्ये बारामतीजवळ माळेगावला एक राष्ट्रीय संस्थाच उभी राहिली. तर या विषयातली मोठमोठी नावं बघा. पुरात दोन आठवडे बुडूनही जगणारा भात आज देशात पेरला जातो, 'स्वर्णा-सब१'. साधं रोप पाण्याखाली गेलं की वर येण्याच्या धडपडीत वाढत सुटतं आणि साठवलेलं अन्न संपवून मरतं. हे रोप मात्र गप्प बसतं, अन्न राखतं आणि पाणी ओसरलं की पुन्हा वाढीला लागतं. ज्या जनुकामुळे हे होतं त्याचा शोध २००६ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. जनुक आलं कुठून? ओडिशातल्या 'धलपुटिया' या जुन्या गावठी धानातून निवडलेल्या 'एफआर१३ए'मधून. खारं पाणी सोसणाऱ्या भाताचा गुण केरळच्या 'पोक्काली'तला. खाऱ्या जमिनीतल्या गव्हाचा गुण राजस्थानच्या 'खारचिया'तला. ह्या सगळ्या जाती कुणीतरी पिढ्यानपिढ्या राखल्या. पूर आला, नव्वद रोपं मेली, दहा उरली, त्या दहांचं बी कुणीतरी मडक्यात ठेवलं. तो प्रयोग नव्हता का? पण त्या 'कुणीतरी'चं नाव कुठल्याच शोधनिबंधात नाही.

आणि आम्ही काय करत होतो? आम्ही कुंड्या भरत होतो. फुलोऱ्याच्या वेळी कुंडीचं पाणी तोडायचं, पान सुकलं की त्यातलं प्रोलिन मोजायचं आणि जास्त प्रोलिन म्हणजे जास्त सोशिक असं लिहून मोकळं व्हायचं. त्यावर किती निबंध झाले असतील, विचारू नका. माझेही आहेत. पुढे कळत गेलं की, प्रोलिन बऱ्याचदा अंगातल्या तापासारखं असतं. ताप चढला ह्यावरून रोगी चिवट आहे असं ठरत नाही, त्याला त्रास होतोय एवढंच कळतं. शिवाय कुंडीत मुळाला जायला जागाच नसते. ज्या गावठी धानाचा सगळा जोर खोल मुळात, तो आमच्या कुंडीत नापास!

त्याच सुमारास, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी बियाणं गोळा करायला गडचिरोली जिल्ह्यात कोरचीच्या बाजूला गेलो होतो. नातेवाइकांपैकी जे झाडीपट्टीत कधी आले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, तिकडे पाऊस भरपूर, पण शेती बरीचशी वरथेंबी. वरून पडेल तेच पाणी. तलाव-बोडीखाली ज्याची बांधी आहे तो सुखी. बाकीच्यांचं, सप्टेंबरअखेर पावसाने दडी मारली आणि नेमका तेव्हाच धान निसवत असला की, लोंब्या उभ्या आणि दाणे पोचट.

त्या गावात एका म्हाताऱ्या गोंड बाईंनी मला दोन मडकी दाखवली. एकात हलका धान, वरच्या बांधीसाठी, पाऊस जायच्या आत हाती येणारा. दुसऱ्यात भारी, खालच्या ओलीच्या बांधीसाठी. मी विचारलं, बी कसं निवडता? त्या म्हणाल्या, "बरा साल असला तं कोणताबी धान पिकते, साहेब. वाईट साली जो भरला, तो ठेवाचा."

ताण सोसणाऱ्या वाणाची निवड ताणाखालीच करावी की भरपूर पाण्यावर, यावर आमच्या शास्त्रात अनेक वर्षं वाद चालला. दुष्काळातल्या प्रत्यक्ष उत्पन्नावरून थेट निवड करता येते, हे पुढे मान्य झालं. बाईंनी ते मला एका वाक्यात सांगितलं होतं. मी मान डोलावली, हलक्या धानाचं पसाभर बी पिशवीत घेतलं आणि वहीत लिहिलं, 'स्थानिक-७'. गावाचं नाव नाही, बाईंचं नाव नाही. नोंदवहीत तसा रकानाच नव्हता. त्या बियाण्यावर दोन हंगाम प्रयोग झाले, त्यातून माझा एक निबंध झाला, त्याचा मला बढतीच्या वेळी उपयोगही झाला. परत जाऊन बाईंना निकाल सांगितला नाही. त्या पसाभर धानाची पावती नाही की आठवण नाही. तेव्हा दादाजींच्या बाबतीत जे झालं त्यावर बोलताना मी काठावर उभा नाही, हे आधी कबूल करतो.

आमचे काही जुने सहकारी म्हणतात, "अहो, आता कायदा आहे ना!" आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. चांगला कायदा आहे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद होते, लाभात वाटा मागता येतो. पण तो एचएमटीच्या नंतर आला. आणि नोंदीसाठी वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. बाईंच्या मडक्यातला धान एकसारखा नव्हताच. त्यातली थोडी रोपं लवकर निसवायची, थोडी उशिरा, म्हणून तर पावसाने दगा दिला तरी काहीतरी घरी यायचं. जो गुण, तोच नोंदीला आडवा! शिवाय वाट्यासाठी दावा मांडायचा कुणी? ज्याला आपलं बी कुठे गेलं हेच ठाऊक नाही, तो काय मांडणार?

दुसरे म्हणतात, "शेतकऱ्याला शास्त्रज्ञ म्हणायला लागलात तर आमची गरजच काय?" गरज आहे, आणि ती मोठी आहे. 'स्वर्णा'त ते जनुक आणून बसवणं ओडिशाच्या शेतकऱ्याला शक्य नव्हतं. हजारीबागच्या केंद्राने काढलेल्या कोरडवाहू धानाचं नावच 'सहभागी' आहे, कारण त्याची पारख शेतकऱ्यांसोबत झाली. म्हणजे हे जमतं. मनात असलं की जमतं.

माझं मागणं फार नाही. बियाणं आणलं की वहीत माणसाचं आणि गावाचं नाव लिहा. ताणाची चाचणी केंद्राच्या पाणीवाल्या प्लॉटबरोबर वरथेंबी बांधीतही घ्या, आणि नापास-पास ठरवताना जिची बांधी तिला विचारा. वाण बाजारात गेला की दर किलोमागे थोडा वाटा मूळ गावाकडे जाऊ द्या, दावा कुणी मांडो वा न मांडो. आणि निकाल परत जाऊन सांगा. हे शेवटचं तर फुकट आहे. एसटीच्या तिकिटाचे पैसे तेवढे लागतील.

असो. पुण्याहून आल्यावर जुनी वही काढली. 'स्थानिक-१' ते 'स्थानिक-२३'. प्रत्येकापुढे गाव आठवून लिहायला बसलो. नऊ आठवली. माणसांची नावं दोनच. त्या बाईंचं नाव काही केल्या आठवत नाही. दोन मडकी, शेणाने सारवलेला ओटा, सगळं डोळ्यांसमोर आहे, नाव मी विचारलंच नव्हतं बहुतेक. दिवाळीनंतर, धान कापून कडपा पडल्या की, त्या बाजूला जाऊन यायचं ठरवलंय. त्या आता नसतीलच. घरचं कुणी भेटलं तर वही दाखवीन.

भाच्याला फोन करून दादाजींचं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, पाकिटावर हे का नाही छापत?"

आहे कुणाकडे उत्तर?