हलके भांडे, जड किंमत

टायटॅनियम हा शब्द आमच्या वस्तीत प्रथम आला तो हाडांच्या दवाखान्यातून. कुणाचा पाय मोडला, की पट्टी स्टीलची घालायची की टायटॅनियमची, असे विचारले जाई; आणि घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहून 'स्टीलचीच घाला' म्हणत. कॉलेजात आल्यावर हाच शब्द मला आपल्या गिर्यारोहण मंडळाच्या फलकावर पुन्हा भेटला. हरिश्चंद्रगडाच्या दोन दिवसांच्या मोहिमेसाठी आणावयाच्या सामानाची ती यादी होती. बूट, विजेरी, पाण्याच्या बाटल्या, इथवर सारे ठीक होते. त्याखाली लिहिले होते : 'स्वतःचे भांडे, मग व चमचा (शक्यतो टायटॅनियम).'

कंसातील त्या दोन शब्दांवर हा लेख आहे. एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असे कुणास वाटेल. परंतु ती यादी वाचून आमच्या वर्गातील तिघे नाव न देताच फलकापासून दूर झाले, हे मी पाहिले आहे. यादी लिहिणाऱ्या मित्राचा हेतू वाईट नव्हता. तो स्वतः उत्तम चढतो, पाठीवरच्या वजनाचा विचार करतो, आणि परदेशातील भटक्यांच्या चित्रफिती पाहून त्याने ही यादी केली आहे. तेव्हा प्रश्न त्याच्या हेतूचा नाही. अशा भांड्याला जी किंमत पडते ती रास्त आहे काय, आणि रास्त असेल तर ती कुणासाठी, एवढाच आहे.

साडेसातशे मिलिलिटरच्या एका टायटॅनियमच्या भांड्याची मला दिसलेली किंमत चार-पाच हजारांच्या घरात होती. मग आणि चमचा वेगळा. भांड्यांच्या पेठेत स्टीलचे तेवढेच भांडे दीड-दोनशे रुपयांत येते. आमच्या घरचा महिन्याचा किराणा या टायटॅनियमच्या संचापेक्षा स्वस्त पडतो.

ही किंमत म्हणजे केवळ लूट आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. दहावीनंतर रसायनशास्त्राने माझा आणि मी त्याचा निरोप घेतला. तरीही ग्रंथालयात बसून जे वाचले त्यावरून या धातूची हकिगत मोठी मनोरंजक वाटली. इ. स. १७९१ मध्ये इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला काळ्या वाळूत एका नव्या मूलद्रव्याचा सुगावा लागला. पुढे १७९५ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक पुराणातील टायटन नावाच्या बलाढ्य देवांवरून त्याचे नामकरण केले. तसली काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे आणि केरळात चवरा येथे तर विपुल आहे. पृथ्वीच्या कवचात सापडणाऱ्या मूलद्रव्यांत टायटॅनियमचा क्रमांक नववा लागतो. म्हणजे सोन्याचांदीसारखी ही दुर्मीळ वस्तू नव्हे.

मग महाग का? कारण प्राणवायूशी त्याची गाठ फार घट्ट असते. लोखंडासारखे ते कोळशाच्या भट्टीत सुटत नाही. आधी क्लोरिनशी संयोग घडवून त्याचा द्रव करावा लागतो, मग हवेचा लवलेश नसलेल्या बंद पात्रात मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातून धातू मोकळा करावा लागतो. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल याने १९४० च्या सुमारास बसवलेली ही रीत आजही प्रमुख आहे. एकेका घाण्याला कित्येक दिवस लागतात, आणि हाती येतो तो स्पंजासारखा सच्छिद्र गोळा. तो पुन्हा निर्वात भट्टीत वितळवायचा. चवऱ्याला असा स्पंज बनवणारा कारखाना २०११ मध्ये सुरू झाला, तो मुख्यतः आपल्या अवकाश कार्यक्रमासाठी. एवढे सोपस्कार झाल्यावर त्या धातूचा पत्रा ठोकून भांडे करणे हेही सोपे नाही. जपानमध्ये त्सुबामे आणि सांजो ही जोडगावे धातुकामासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत, आणि टायटॅनियमच्या नामांकित मगांचा धंदा त्याच परिसरात वाढला. तेव्हा किमतीत कष्ट आहेत, कौशल्य आहे. हमालाच्या पोराने दुसऱ्याच्या कष्टाला नावे ठेवू नयेत.

गुणही खरे आहेत. ते गंजत नाही, पदार्थाला धातूची चव येऊ देत नाही. माझ्या त्या मित्राचा मग मी हातात घेतला तेव्हा तो कागदाचा असावा असे वाटले. विस्तवावर ठेवून ठेवून त्याच्या बुडाला निळी-जांभळी झाक आली होती. सुंदर दिसत होती ती, खोटे का बोला! शिवाय चहा गरम असूनही मगाची कड ओठाला फारशी भाजत नव्हती.

परंतु कड भाजत नाही याचे कारण हेच, की हा धातू उष्णता पुढे नेण्यात मोठा आळशी आहे. ॲल्युमिनियम त्याच्या दहापट वेगाने उष्णता वाहून नेते. आणि येथेच आमच्या खिचडीचा घात होतो. पातळ पत्र्याच्या टायटॅनियमच्या भांड्यात ज्योत जेथे लागते तेथेच तळ तापतो, बाजूला थंड राहतो. नुसते पाणी असेल तर काही बिघडत नाही, कारण पाणी स्वतःच खालीवर फिरते. पण तांदूळ-डाळ घाला, मध्यभागी रुपयाएवढी काळी चकती तयार! पिठल्याची तर गोष्टच नको. परदेशातील ज्या भटक्यांसाठी हे भांडे घडवले, ते त्यात स्वयंपाक करतच नाहीत. ते पाणी उकळतात आणि सुकवलेल्या तयार अन्नाच्या पिशवीत ओततात. भांडे त्यांच्या जेवणाला साजेसे आहे. आमच्या जेवणाला ते साजेसे नाही, हा भांड्याचा दोष नव्हे आणि आमच्या जेवणाचाही नव्हे.

(जाता जाता आठवले. २०२३ मध्ये आयफोनच्या महागड्या प्रतींना टायटॅनियमची चौकट आली तेव्हा आपल्या कट्ट्यावर केवढी चर्चा झाली होती! २०२५ मध्ये त्याच कंपनीने आपल्या महागड्या फोनला पुन्हा ॲल्युमिनियमचे अंग दिले, कारण उष्णता त्यातून चांगली पसरते. तेव्हा कट्टा गप्प होता.)

आता वजनाचे पाहू, कारण सारा वाद त्याच्यासाठी. टायटॅनियम सर्वांत हलके, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. वस्तुतः एका घनसेंटिमीटरला ॲल्युमिनियमचे वजन २.७ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५ आणि स्टीलचे सुमारे ८. टायटॅनियम बळकट असल्यामुळे त्याचा पत्रा अगदी पातळ करता येतो, म्हणून भांडे हलके होते. साडेसातशे मिलिलिटरचे भांडे सुमारे शंभर ग्रॅम भरते. चांगल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यापेक्षा ते थोडेसेच कमी, स्टीलच्या भांड्यापेक्षा शंभर-दीडशे ग्रॅमनी कमी. दीडशे ग्रॅम म्हणजे एक फुलपात्र पाणी. खिरेश्वराहून तोलार खिंडीच्या वाटेने उन्हात गड चढायचा तर माणशी तीन लिटर पाणी हवे, म्हणजे तीन किलो. खिंडीत पोचेपर्यंत त्यातले किलोभर पोटात गेलेले असते. चार-पाच हजार रुपये देऊन जे ओझे आपण वाचवतो ते पहिल्याच चढावर चार घोटांत उतरते!

शिवाय आपण एकेकटे जात नाही. पंधरा-वीस जण जातो. प्रत्येकाने आपापल्या चिमुकल्या भांड्यात वीस चुली मांडून वीस खिचड्या शिजवाव्यात, ही कल्पनाच मला हास्यास्पद वाटते. एक मोठे ॲल्युमिनियमचे पातेले घ्यावे, पाळीपाळीने वाहावे. त्याचे वजन वीस जणांत वाटले तर माणशी टायटॅनियमपेक्षाही कमी पडते. आणि हरिश्चंद्रगडावर तर पाचनईची मंडळी पिठले-भाकरी करून देतात; त्यांच्याकडे जेवलो तर पातेल्याचीही गरज नाही. तेल, पीठ, सरपण असे सारे सामान ती माणसे डोक्या-खांद्यावरून गडावर आणतात, तेही साध्या चपलांनी. वजनाविषयी ज्यांना सर्वांत अधिक ठाऊक आहे त्यांना आपण कधी काही विचारतो काय?

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन ते दिवसभर गाडी खाली करतात. त्यांना मी दीडशे ग्रॅमचा हा हिशेब सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, ''वजनानं मानूस दमत न्हाई, हलनाऱ्या वजनानं दमतो.'' मग त्यांनी माझी सॅक मागवली, सारे सामान बाहेर काढले, आणि पाण्याच्या बाटल्या वर मध्यभागी पाठीला चिकटून, कपडे खाली, अशी पुन्हा भरून दिली. पट्टे आवळले. तीच सॅक, तेच वजन. पण खांदे मोकळे झाले. आपल्या मंडळाने नव्या मुलांना पहिल्या दिवशी एक तास सॅक कशी भरावी हे शिकवले, तर कित्येक हजारांचे टायटॅनियम वाचेल.

मग टायटॅनियम घ्यावे कुणी? अमेरिकेत ॲपलाचियन वाटेसारखी साडेतीन हजार किलोमीटरांची पायवाट आहे. चार-पाच महिने एकट्याने रोज चालणारे लोक दात घासण्याच्या ब्रशाची मूठसुद्धा कापून टाकतात. त्यांच्या दीडशे ग्रॅमला लाखो पावलांनी गुणायचे असते. त्यांचा हिशेब निराळा. बर्फाळ कड्यांवर तर हलकेपणाला जिवाचे मोल येते. सोव्हिएत गिर्यारोहकांचे टायटॅनियमचे आइस-स्क्रू म्हणूनच पाश्चात्त्य गिर्यारोहक आवडीने मिळवत. आपल्यापैकी कुणी उद्या हिमालयात मोठ्या शिखरावर जाणार असेल, तर त्याने जरूर टायटॅनियमचा विचार करावा.

तथापि त्या लांब वाटेचीही एक गोष्ट आहे. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या ओहायोतील शेतकरी बाईने ॲपलाचियनची वाट एकटीने, एकाच हंगामात पार केली. वय ६७, अकरा मुलांची आई. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तिच्याजवळ तंबू नव्हता. आपल्या यादीप्रमाणे तिला मोहिमेला घेता आले नसते.

यावर कुणी म्हणेल, 'शक्यतो' लिहिले होते, सक्ती कुठे होती? सक्ती नव्हती हे मान्य. पण ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला आहे, त्याला 'शक्यतो' हा शब्द 'अवश्य' असाच ऐकू येतो. वसतिगृहात 'शक्यतो' गादी आणावी, स्नेहसंमेलनाला 'शक्यतो' ब्लेझर घालावा. प्रत्येक 'शक्यतो'पाशी आम्ही खिसा चाचपतो आणि गुपचूप बाजूला होतो. भांडे नाही म्हणून येत नाही, असे कुणी तोंडाने सांगणार नाही. 'घरी काम आहे' असे सांगेल. मंडळाच्या वहीत मग 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अल्प' अशी नोंद होते.

पैसे खर्चच करू नयेत असे माझे म्हणणे नाही. ओल्या कातळावर न सरकणारे बूट हवेत, आणि त्यासाठी परदेशी नाव लागत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षे 'ॲक्शन ट्रेकिंग'सारख्या साध्या देशी बुटांवर मंडळी हिंडत आली आहेत. परंतु अलंग-मदनसारख्या ठिकाणी, जेथे दोरावर जीव टांगलेला असतो, तेथे काटकसर नको. दोर, हार्नेस, कॅराबिनर, हेल्मेट हे प्रमाणित आणि नवेच घ्यावे. कुणाचे जुने, इतिहास ठाऊक नसलेले वापरू नये. ही खरेदी एकट्या विद्यार्थ्याला झेपणारी नाही आणि ती त्याने करावी अशी अपेक्षाही नको. ती मंडळाची आहे.

म्हणून माझी सूचना अशी, की येत्या वर्षीच्या मंडळाच्या निधीतून प्रथम हेल्मेटे घ्यावीत. एका टायटॅनियमच्या संचाच्या किमतीत निदान दोन येतील. नंतर दोर, आणि दोन मोठी पातेली. ज्याला हौस आहे आणि परवडते, त्याने आपला टायटॅनियमचा मग खुशाल आणावा. आम्हीही त्यातून घोटभर चहा पिऊ. सामायिक सामान मंडळाच्या कपाटात राहावे, किल्ली क्रीडा विभागाच्या सरांकडे असावी, कुणी काय नेले आणि कशा स्थितीत परत केले याची वही ठेवावी. दोर घेतल्याची तारीख त्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहावी, कारण दोर न वापरताही जुना होतो. आणि पुढल्या यादीत भांड्यांच्या ओळीपुढे एवढेच असावे : ताट, वाटी, पेला, घरचे चालतील.