बहर मागवताना वंश पाहा

फेब्रुवारी-मार्चमध्ये फॅलेनॉप्सिस ऑर्किडच्या शेडमध्ये गिऱ्हाईक मावत नाही. जुलैत तेच गिऱ्हाईक नुसती पाने बघून परत जाते. मग कूलिंग वाढवण्याचे बेत सुरू होतात. आमच्या मते विजेच्या बिलाआधी खरेदीची यादी तपासावी.

बाजारातली मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांची संकरित रोपे मुख्यतः अमॅबिलिस, अफ्रोडाइटी, शिलेरियाना या जातींच्या वंशातली. पारा सतत 28 अंशांच्या वर राहिला की ती पानेच काढत बसतात. दिवसा 25 आणि रात्री 20 अंशांच्या आसपास काही आठवडे मिळाले, तर फुलदांडा निघतो. फूल उमलायला आणखी तीन-चार महिने. कोकणात असा गारवा हिवाळ्यातच मिळतो, तोही जेमतेम. तेव्हा सगळी रोपे याच वंशाची असतील तर ती एकदम फुलणार आणि एकदमच थांबणार, मग रंग कितीही घ्या. नुसत्या रंगावर निवड करायला हे काही साडीचे दुकान नव्हे.

उन्हाळ्या-पावसाळ्यासाठी व्हायोलेसिया, बेलिना, अँबॉइनेन्सिस यांच्याकडे वळावे. बेलिनाचे फूल हिरवट-पांढरे, खालच्या दोन दलांची आतली बाजू जांभळी, आणि वास असा की गिऱ्हाईक फुलाचा आकार विचारत नाही. मात्र आखूड दांड्यावर एका वेळी एक-दोनच फुले येतात. लग्नाच्या सजावटीत त्यांचा उपयोग नाही, हे मान्य. ती कुंडीसकट, वासावर विकायची. व्हायोलेसिया आणि अँबॉइनेन्सिस यांचा जुना संकर ‘प्रिन्सेस काईउलानी’ सुरुवातीला बरा.

पावसाळा सरता सरता पुल्चेरिमा साथ देते. जुन्या लेबलांवर ती ‘डोरिटिस’ म्हणून सापडेल. दांडा सरळ उभा, आणि उजेड इतरांपेक्षा जास्त सोसते. इक्वेस्ट्रिस आणि तिचे बहुफुली संकर लहानखुरे, पण एकाच रोपावर अनेक दांडे काढतात.

कॉर्नू-सर्व्हीबद्दल थोडे सविस्तर. तिचा चपटा दांडा टोकाकडून एकेक कळी काढत वर्षानुवर्षे चालतो. मोठ्या फुलांची सवय झालेला माळी शेवटचे फूल गळताच कात्री लावतो आणि पुढचा सगळा बहर कचऱ्यात जातो. दांडा हिरवा आहे तोवर हात लावू नये, हे शेडमधल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. बेलिना-व्हायोलेसियालाही हाच नियम.

पावसात फुलणाऱ्या या रोपांचा गाभा कोरडा राहील असे पाहा. छतातून ठिबकणारे पाणी पानांच्या बेचक्यात रात्रभर साचले तर रोप कुजायला वेळ लागत नाही.

पुढच्या हंगामाची मागणी नोंदवताना पुरवठादाराकडे रंगीत तक्त्याऐवजी प्रत्येक संकराचे आई-बाप विचारा. ते सांगता येत नसतील, तर ती रोपे फेब्रुवारीचीच धरून चाला आणि एकूण मागणीच्या निम्म्याहून जास्त घेऊ नका.