इन्सुलिन सुटलं म्हणून पेढे वाटू नका
मधुमेह असलेल्या सर्वांना आणि त्यांच्या घरच्यांना एका फॅमिली डॉक्टरचे कळकळीचे आवाहन

एक गृहस्थ पेढ्यांचा बॉक्स घेऊन दवाखान्यात आले. मधुमेह बारा वर्षांचा. "डॉक्टर, साखर सुटली! इन्सुलिन निम्म्यावर आणलं, तरी सकाळी सत्तरच येते." मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ घोट्यावर उमटला होता. बोटाने दाबलं, तर खळगा तसाच राहिला. संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन साडेपाच.

टोचलेलं इन्सुलिन शरीराबाहेर काढायचं काम बऱ्याच अंशी मूत्रपिंडं करतात. ती थकली की इन्सुलिन रक्तात रेंगाळतं आणि साखर आपोआप उतरते. मधुमेह कुठेही गेला नव्हता, मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्यांच्या जाडजूड फाइलमध्ये बारा वर्षांचे साखरेचे रिपोर्ट होते. लघवीतल्या अल्ब्युमिनचा एकही नव्हता. त्या फाइलमध्ये माझ्या हातच्या चिठ्ठ्याही होत्या, म्हणूनच हे लिहितो आहे.

आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेहींपैकी 20 ते 40 टक्के लोकांना पुढेमागे मूत्रपिंडाचा विकार जडतो. तो दुखत नाही, खुपत नाही. अंगावर सूज, मळमळ, धाप दिसेपर्यंत बहुतेक काम आटोपलेलं असतं. "मला काही त्रास नाही" या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका.

माझी मागणी एवढीच आहे. येत्या पंधरा दिवसांत दोन तपासण्या करून घ्या. पहिली लघवीची, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. दुसरी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज. दोन्ही काहीशे रुपयांत होतात. एसीआर 30 च्या वर असेल, तर मूत्रपिंडाची चाळण गळू लागली असण्याची शक्यता आहे. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा दमछाक करणारं काम यांनीही आकडा वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तो पुन्हा तपासून खात्री करायची. ईजीएफआर तीन महिने 60 च्या खाली राहिला, तर आजार आहे असं समजा. "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" एवढ्यावर परत फिरू नका. निम्मी ताकद गेली तरी तो आकडा नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतो. टाइप 2 मधुमेहात या तपासण्या निदान झाल्या दिवसापासून दर वर्षी करायच्या असतात.

लवकर कळलं तर करण्यासारखं खूप आहे. रक्तदाब 130/80 च्या खाली आणि एचबीए1सी सातच्या आसपास ठेवायचं. मात्र वय झालेल्यांचं उद्दिष्ट डॉक्टरांनी वेगळं ठरवायचं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल ही रक्तदाबाची औषधं मूत्रपिंडातल्या गाळणीवरचा ताण कमी करतात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखरेसाठी आल्या, पण मूत्रपिंड खचण्याचा वेग त्या कमी करतात, हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालं आहे. पेटंट संपल्यामुळे आता त्यांची स्वस्त जेनेरिक रूपं मिळतात. आपल्याला त्या चालतील का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. या औषधांनंतर क्रिएटिनिन किंचित वाढलं, तर घाबरून गोळी परस्पर बंद करू नका, रिपोर्ट दाखवा.

आता घरच्यांसाठी. गुडघे धरले, कंबर भरली की मेडिकलमधून पुडीत बांधून आणलेली गोळी बंद करा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक आधीच दुबळ्या मूत्रपिंडांना आणखी खाली ढकलतात. घटक माहीत नसलेली भस्मं आणि 'मधुमेह मुळापासून' घालवणारी चूर्णं घरात आणू नका. मीठ दिवसभरात सगळं मिळून चमचाभर, त्यात पापड-लोणचंही आलं. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकतं. सैंधवही शेवटी मीठच. कोकण-गोव्याच्या परसातली आंबटगोड करमळं (स्टारफ्रूट) मूत्रपिंडाच्या रुग्णाला अजिबात देऊ नका. त्यातलं विष शरीराबाहेर पडत नाही आणि मेंदूवर चढतं. उलट्या-जुलाब सुरू झाले, अन्नपाणी ठरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मेटफॉर्मिनसह काही गोळ्या त्या काळापुरत्या थांबवाव्या लागतात. आणि साखर विनाकारण उतरू लागली, इन्सुलिन कमी लागू लागलं, तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन तपासा.

माझ्या व्यवसायबंधूंनाही हात जोडून सांगतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर लिहितो, त्याच चिठ्ठीवर एसीआर लिहूया. दुखण्याची गोळी लिहिण्यापूर्वी ईजीएफआर पाहूया. नेफ्रॉलॉजिस्टकडे रुग्ण पाठवायचा तो वाचवण्यासारखं काही उरलेलं असताना.

डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे, हा मोठा आधार. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राला जोडून राहायचं, तालुक्याला जाऊन यायचं, सोबत्याचा रोज बुडायचा. याची भरपाई कोणतीही योजना देत नाही.

पेढे घेऊन आलेले ते गृहस्थ आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जातात. त्यांच्या धाकट्या भावालाही मधुमेह आहे. त्याचा एसीआर 85 आला. त्याला अजून वेळ आहे. तुम्हालाही असेल, पण ते तपासल्याशिवाय कळणार नाही. आज हे आवाहन वाचून झालं की घरातल्या मधुमेहीची फाइल काढा आणि त्यात एसीआर शोधा. सापडला नाही, तर उद्या सकाळी लघवीचा नमुना घेऊन लॅबमध्ये जा.