आधी प्रत, मग हातोडा

सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पासाठी दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागाराची विस्तारित इमारत पाडण्याचे केंद्र सरकारने 2021मध्ये ठरवले. 1926ची मूळ वास्तू शाबूत राहील आणि कागदपत्रे सुरक्षित ठेवली जातील, एवढ्या आश्वासनावर विषय संपला असे सरकारला वाटले. तो संपलेला नाही. 45 लाख फायली, 25 हजार हस्तलिखिते, लाखावर नकाशे आणि मोगलकालीन दस्तऐवज असा हा संग्रह. त्यातले काय हलणार, कुठे जाणार, कोणाच्या देखरेखीखाली आणि कोणत्या यादीनुसार, हे जगभरच्या अभ्यासकांनी विचारले. सविस्तर उत्तर मिळाले नाही. आणि मुहूर्त कोणता, तर करोनाच्या दुसऱ्या लाटेचा. संशोधकाने अभिलेखागाराच्या दारापर्यंत पोचणेही मुश्कील असताना. अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर तेव्हा या संग्रहाचा काही भागच आला होता. उरलेल्याची प्रत काढल्याशिवाय एक गठ्ठाही हलता कामा नये.

ही भीती काल्पनिक नाही. 18 एप्रिल 2021 रोजी केपटाऊन विद्यापीठाच्या जॅगर ग्रंथालयात वणवा शिरला आणि आफ्रिकाविषयक हजारो ग्रंथ जळाले. सान लोकांच्या, आज कोणी बोलत नाही अशा भाषेतील कथा ज्यांत टिपल्या आहेत, त्या ब्लीक-लॉइड वह्या बचावल्या. पण त्या जळाल्या असत्या तरी मजकूर उरला असता, कारण त्यांची डिजिटल प्रत आधीच झाली होती. ज्याची प्रत नव्हती ते गेले ते गेलेच.

प्रत काढायला पैसा नाही, ही सबब चालणार नाही. ब्रिटिश लायब्ररी 2004पासून आर्केडिया निधीच्या बळावर जगभरातील धोक्यातले संग्रह टिपण्यासाठी अनुदान देते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील ग्रंथालयाने 2018मध्ये असाच उपक्रम सुरू केला. कॅमेरा आणि प्रशिक्षण स्थानिक माणसांना मिळते. कागदाशेजारी मोजपट्टी व रंगपट्टी ठेवून पानन् पान टिपले जाते. विलायतेच्या दारात का जायचे, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: पूर्वी अस्सल कागद बाहेर गेले. या उपक्रमांत अस्सल देशातच राहतो, प्रतीचा एक संच स्थानिक संस्थेत आणि दुसरा लंडनला किंवा लॉस एंजेलिसला. आपत्ती एका इमारतीवर येते. दोन खंडांत ठेवलेल्या प्रती ती एकदम गिळू शकत नाही.

हा धडा महाराष्ट्राला तर केव्हाच मिळायला हवा होता. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झुंड चालून गेली, तेव्हा आपण काय गमावू शकतो हे साऱ्यांनी पाहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी मोडी कागद रुमालांत बांधून आहेत. रुमाल सोडला की घडीवर कागद तुटतो, कसरीने ओळीच्या ओळी खाल्लेल्या दिसतात. मोडी सराईतपणे वाचणारे आधीच मोजके. कोणत्याही निमित्ताने प्रती काढण्याचे काम थांबवणे म्हणजे कसरीला आणखी एक-दोन वर्षे देणे.

केंद्राने स्थलांतराची यादी आणि प्रतींचा तपशील आजच प्रसिद्ध करावा, तोवर पाडकाम रोखावे. राज्य सरकारने लहान संस्थांना परदेशी ग्रंथालयांकडे प्रस्ताव पाठवण्यास मदत करावी. आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या मोडी कागदांचे बोचके आहे, त्यांनी ते रद्दीत घालू नये. जवळच्या इतिहास मंडळाला दाखवावे.